घासाचें बीं पारखून घ्या
(आंबेगांव तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. पाटीपुस्तकाचा धंदा करणाऱ्यानें चाऱ्यावर काय बोलावें, असें कोणाच्या मनांत येईल. पण मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहें; लहानपणीं गोठ्यांतलें शेण काढून मग शाळेंत जात होतों. आज उभा राहिलों तो एका गाईचें देणें फेडण्यासाठीं.

सहा वर्षांमागें आमच्या घरीं दुसऱ्या वेताची गाय होती. तिच्या दुधावर थोरल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च चालला होता. एके सकाळीं पावसाची भुरभुर होऊन गेली होती. गाय दावें तोडून घासाच्या वाफ्यांत शिरली. घरांतील माणसें म्हणालीं, खाऊं द्या थोडा, दूध वाढेल. मींही होय म्हटलें. घटकाभरांत तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. डॉक्टर येण्याआधींच गाय गेली. आणि तो घास तरी कसा होता? बाजारांतून सुटें, स्वस्त बीं आणलें होतें. त्यांत अमरवेलीचें बीं मिसळलेलें. दुसऱ्या वर्षीं सारा वाफा पिवळ्या दोऱ्यांनीं गुंडाळला गेला. गाय गेली, घासही गेला. दोन्ही नुकसानींचें कारण एकच: मीं कोणाला विचारलें नाहीं.

म्हणून तुम्हीं बीं घेण्याआधीं स्वतःला तीन प्रश्न विचारावे. घास किती वर्षें ठेवायचा? तो कापून घालायचा कीं जनावर त्यांत सोडायचें? आणि आपली जमीन कोणती?

पहिला प्रश्न वर्षांचा. कोणी याला लसूणघास म्हणतो, कोणी मेथीघास, कोणी नुसता घास. पण सगळा घास सारखा नव्हे. कांहीं वाण बारमाही, कांहीं एका हंगामाचे. राहुरीचें कृषि विद्यापीठ १९६८ सालीं निघालें व आज तें महात्मा फुल्यांच्या नांवानें चालतें. त्या विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा बारमाही वाण आपल्या हवेंत चांगली निगा राखल्यास तीन-चार वर्षें टिकतो. गुजरातेंतील आणंदचा आनंद-२ हाही बारमाहीच. लुधियान्याचा एल. एल. सी. ५ हा मात्र एका हंगामाचा. ज्याला कांदा किंवा बटाटा यांच्या फेरपालटांत एक हंगाम घास घेऊन रान मोकळें करायचें आहे, त्यानें हंगामी घ्यावा. ज्याच्या विहिरीला बारा महिने पाणी आहे व दारांत दुभतीं जनावरें आहेत, त्यानें बारमाही घ्यावा. कोणी विलायती वाणाचें कौतुक सांगूं लागला, तर त्याला एकच विचारा: हा थंडींत झोपतो कीं जागा राहतो? थंड देशांतले कित्येक वाण हिवाळ्यांत वाढच थांबवितात, म्हणजे बर्फांत मरत नाहींत. अमेरिकेंत यासाठीं १ ते ११ असे आंकडे लावतात. लहान आंकडा झोपणाऱ्याचा, मोठा जागणाऱ्याचा. आपल्याकडे हिवाळा हाच घासाचा खरा हंगाम. त्याच वेळीं झोपणारा वाण आपल्या काय कामाचा?

दुसरा प्रश्न चारण्याचा. घासाची नवी फूट जमिनीलगतच्या खोडक्यावरील डोळ्यांतून येते. जनावर तेथपर्यंत कुरतडतें, ओल्या मातींत खूर रुततो, आणि मुळांत सांठा भरण्याआधींच पुन्हा तोंड पडतें. असें झालें कीं चार वर्षांचा घास एका वर्षांत विरळ होतो. अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठानें १९९० सालीं 'अल्फाग्रेझ' नांवाचा वाण खास चरण्यासाठीं काढला. पण तो कुंपण घातलेल्या, आळीपाळीनें चारायच्या मोठ्या रानांचा हिशेब आहे. आपल्या गुंठ्यागुंठ्यांच्या शेतीला कापून घालणें हेंच बरें.

चारायचाच असेल, तर जो घास यंदा मोडायचा आहे त्यांत चारा. आधीं कडब्यानें पोट भरवा, दंव उतरूं द्या, आणि थोडाच वेळ सोडा. कोवळ्या घासानें पोटांत फेस होतो व वायु त्या फेसांत अडकतो. म्हणून जनावर ढेकर देऊं शकत नाहीं. कूस फुगतांच डॉक्टरांना बोलवा, जनावराचें तोंड चढावाकडे करून उभें ठेवा, आणि पाव ते अर्धा लिटर गोडें तेल सावकाश, ठसका लागणार नाहीं असें पाजा. तेलानें फेस मोडतो. एवढें मला त्या दिवशीं ठाऊक असतें तर!

तिसरा प्रश्न जमिनीचा. घासाला खोल, निचऱ्याची जमीन लागते; पाणी साचलें कीं मूळ कुजतें. नारायणगांव, ओतूर, आळें, बेल्हें, मंचर या बाजूला, कुकडी व घोड यांच्या पाण्यावर, घास चांगला येतो. मात्र भारी काळ्या रानांत चर काढून पावसाचें पाणी बाहेर घालवा. भीमाशंकर आणि नाणेघाट यांच्या बाजूला पाऊस फार, माती तांबडी व उथळ. तेथील बंधूंनीं बारमाही घासाच्या नादीं लागूं नये. भात निघाल्यावर पाणी असेल तर एका हंगामाचा घ्यावा; नाहीं तर बांधावर मारवेलीसारखें गवत लावावें.

आतां थोडें गणित, कारण तो माझा धंदा. पेरणी आक्टोबर-नोव्हेंबरांत करा. एकरीं १० किलो बीं, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. एक एक फुटावर ओळी, आणि बीं वरचेवरच पेरा. खोल गेलें तर उगवत नाहीं. बियाण्याला घासाचें जिवाणू-खत चोळा. मेथीच्या मुळांवर गांठी करणारा जिवाणूच घासालाही चालतो, सोयाबीनचा चालत नाहीं. पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनीं, पुढच्या २५ ते ३० दिवसांनीं. चांगल्या निगेचा बारमाही घास वर्षाला हेक्टरीं ८०० क्विंटलांच्या आसपास हिरवा चारा देतो, म्हणजे गुंठ्याला ८०० किलो. एका गाईला कडब्याबरोबर रोज १० किलो घास धरला, तर वर्षाला ३६५० किलो लागतो. म्हणून गाईमागें पांच गुंठे ठेवा. वाफा ३३ फूट रुंद आणि १६५ फूट लांब आंखा, व रोज साडेपांच फूट कापा. तिसाव्या दिवशीं शेवटीं पोहोंचाल, तोंवर पहिला तुकडा पुन्हा तयार असेल.

भगिनींनो, ही कापणी बहुधा तुमच्याच हातची. ती पहांटे अंधारांत करूं नका. वांकून गवत कापणाऱ्या माणसावर बिबट्या झडप घालतो, हें जुन्नर-आंबेगांवांत सांगावें लागत नाहीं. घराजवळच्या डोक्याइतक्या हत्तीगवतांत तो लपतो. घास कमरेखालीं राहतो, एवढा त्याचा फायदा आहे. तरीही ऊन्ह वर आल्यावर, दोघी मिळून जा. दंव उतरलेला घास गाईला बरा, आणि उजेड बाईला बरा.

माघ-फाल्गुनांत घास उरतो, त्याची वाळवण करून ठेवा. शंभरांत दहा झाडें फुलूं लागलीं कीं कापा. त्यापुढें काडी कठीण होते. सत्त्व सारें पानांत. वाळल्या घासांत शेंकडा १८ ते २० प्रथिनें, तर ज्वारीच्या कडब्यांत तीन-चारच. पण कडक उन्हांत उलथापालथ केली तर पान गळून काडीच हातीं येते. म्हणून एक दिवस उन्हांत मरगळूं द्या, मग बांबूच्या तिवईवर किंवा सावलींत वाळवा, आणि उलटायचा तो सकाळीं, पान नरम असतांना. काडी पिळल्यावर मोडली व ओल दिसली नाहीं, तरच रचा. ओला रचला तर आंतून तापतो, बुरसटतो, पेटूंही शकतो. सुमारें चार किलो ओल्याचा एक किलो वाळला होतो. आषाढांत पाऊस बाहेर पडूं देत नाहीं, तेव्हां ही गंजी दूध टिकवते.

शेवटीं बियाण्याविषयीं. सुटें बीं घेऊं नका. पिशवीवर चिठ्ठी असते: प्रमाणित बियाण्याची निळी, विक्रेत्यानें आपल्या जबाबदारीवर लावलेली हिरवी. तींत वाणाचें नांव, उगवण शेंकडा किती, तपासणी कधींची, हें लिहिलेलें असतें. पावती घ्या, आणि चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. अमरवेलीचें बीं घासाच्या बियाण्यांत डोळ्यांना सहज दिसत नाहीं, आणि एकदां रानांत पडलें कीं कित्येक वर्षें जात नाहीं. पिवळा दोरा दिसतांच, तो फुलण्याआधीं तेवढा तुकडा घासासकट कापून तेथेंच जाळा. गुरांना घालूं नका, शेणांतून तो पुन्हा शेतांत येतो. घरचें बीं धरायचें असेल, तर तिसऱ्या वर्षीं जो घास दाट टिकला व ज्यांत अमरवेल नाहीं, त्याचेंच धरा. शंका आली तर नारायणगांवीं कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथें विचारायला लाज कसली?

ज्याला चिठ्ठी वाचतां येत नाहीं, त्यानें दुकानांत शाळेंत जाणारें आपलें मूल बरोबर न्यावें, मुलगा असो वा मुलगी. मोठ्यानें वाचून घ्यावी, दुकानदाराच्या तोंडावर वाचून घ्यावी. जेथें गिऱ्हाईक वाचतें, तेथें भेसळ करणाऱ्याचा हात आंखडतो. मी वाचणारा असूनही वाचलें नाहीं, त्याची किंमत माझ्या गाईनें दिली. तुमच्या गोठ्यांतील गाईवर ती पाळी न येवो.