कोयनेच्या डोहातील जेलीफिश

(भवानीनगर येथील केंद्रसंमेलनातील भाषण)



नीरा नदी इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरजवळ भीमेस मिळते व भीमा पुढे कृष्णेस मिळते. महाबळेश्वराकडून येणारी कोयनाही कऱ्हाडास कृष्णेतच विसर्जित होते. याच जलकुलातील कोयनेच्या खोऱ्यात, या शतकापूर्वीच्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, एका तरुण प्राध्यापकास समुद्राच्या कुळातील एक प्राणी सापडला.

हे तरुण म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकर. त्यांचा जन्म 1884 साली मालवणास झाला. ज्याचे बालपण समुद्रकाठी गेले, त्यास जेलीफिश काही नवलाची वस्तू नव्हे. भरतीबरोबर वाळूवर येऊन पडणारा तो पारदर्शक गोळा कोकणातील लहान मूलही ओळखते. परंतु समुद्रापासून दूर, डोंगरातील गोड्या पाण्यात तो आढळावा, ही गोष्ट निराळी. आघारकर त्या वेळी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असत व सवड मिळेल तेव्हा सह्याद्रीत हिंडून प्राणी व वनस्पती गोळा करीत.

हा प्राणी आकाराने लहान, चपट्या छत्रीसारखा. छत्रीच्या कडेस सूक्ष्म संस्पर्शकांची झालर. त्यांवरील दंशकोशिकांनी तो पाण्यातील बारीक जीव पकडतो. त्यास मेंदू नाही, हृदय नाही, हाडे नाहीत. शरीर बव्हंशी पाण्याचेच. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होऊन नदीचे डोह उरतात, त्या दिवसांत तो दिसतो. एरवी त्याच्या जातीचे जीव पॉलिपच्या अवस्थेत, म्हणजे दगडादिकांस चिकटलेल्या अतिसूक्ष्म रूपात, काळ कंठतात. तेव्हा वर्षाचे बहुतेक महिने नदीकाठी जाऊनही तो दृष्टीस पडावयाचा नाही.

आता येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. अशी वस्तू पाहून आश्चर्य करणारे पुष्कळ असतात. आघारकरांनी प्राणी जपून ठेवला, तो कोठे व कोणत्या परिस्थितीत मिळाला ते लिहिले, आणि नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे पाठविले. तेथील प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी 1912 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. नाव देण्याचा मान दुसऱ्यास गेला. परंतु त्यावाचून आघारकरांचे काम अडले नाही. म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासमवेत त्यांनी या प्राण्याच्या सवयी व वसतिस्थाने यांवर टिपण लिहिले; तेही 1912 सालचेच. एका जिवाचे हे वृत्त केवळ काही पानांचे, पण ते संग्रहालयातील मृत नमुन्यावरून लिहिता येण्याजोगे नव्हते. त्यासाठी डोहाकाठी बसावे लागले.

त्याचे मोल कशात? लिम्नोक्निडा हे कुळ तोवर केवळ आफ्रिकेतील गोड्या पाण्यांतून, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहून, ठाऊक होते. तेच सह्याद्रीत निघाले. मध्ये एवढा समुद्र पसरलेला असता हे नाजूक जीव दोन्हीकडे कसे, असा प्रश्न उभा राहिला. योगायोग असा की, भूखंडे सरकतात हे मत जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडले तेही 1912 सालीच. अर्थात त्या मताने हा प्रश्न सुटला असे मुलांस सांगू नये.

पुढे आघारकर वनस्पतिशास्त्राकडे वळले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. अभ्यासासाठी जर्मनीत गेले असता पहिले महायुद्ध सुरू झाले व त्यांना तेथे स्थानबद्ध राहावे लागले. तरीही बर्लिनला त्यांनी डॉक्टरेटचे काम पुरे केले. विषय होता वायव्य हिंदुस्थानातील वनस्पती कशा पसरतात व मूळ कोठून येतात हा. म्हणजे जेलीफिशच्या प्रश्नाचेच दुसरे रूप! ज्या कोयनाखोऱ्यात ते हिंडले त्याचा मोठा भाग पुढे धरणाच्या जलाशयाखाली गेला.

1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली व तिचे ते पहिले संचालक झाले. 1960 साली ते निवर्तले. 1992 पासून ती संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. ती पुण्यात ज्या रस्त्यावर उभी आहे, त्याचे नाव मात्र गोपाळ गणेश आगरकर रस्ता. ते समाजसुधारक निराळे, हे शास्त्रज्ञ निराळे. शैक्षणिक सहलीत मुले ही दोन नावे हटकून एक करतात, तेवढे आधीच सांगून ठेवावे.