आजीचे नाव कोठे शोधाल?



पणजोबांची माहिती जुन्या खानेसुमारीत सापडेल, अशी पुष्कळांची समजूत असते. इंग्लंडात सापडतेही, तेथे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने ते पाहावयास मिळत नाहीत. छापील ग्रंथांत आकडे आहेत, माणसे नाहीत.

तेव्हा तुम्ही काझीसाहेबांचे दफ्तर गाठा. निकाहाच्या नोंदीत वधूवर, त्यांचे वडील, वकील, दोन साक्षीदार आणि महर लिहिलेले असते. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात बापाचे नाव असे, आईचे क्वचितच. निकाहनाम्यात मात्र बाईला स्वतःचे नाव आहे, वडिलांसकट! साक्षीदारांची नावेही उतरून घ्या. ते बहुधा मामे-चुलतेच निघतात. महरावरून घराची ऐपतही थोडीफार कळते.

ओबीसी दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला की धावाधाव सुरू होते. जुने निकाहनामे पुष्कळदा उर्दूत, गावचे कोतवाल बुक मोडीत. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना दोन्ही वाचता येत नाहीत. वाळवी कोणासाठी थांबत नाही.

निकाह बहुधा वधूच्या गावी होतो, म्हणून नोंदही तिकडचीच. घरात आजी असेल तर आधी तिलाच विचारा, तिचे माहेर कोणते आणि तेथले काझी कोण होते.