सापडलेले धन आणि बांधलेला गड

(भोर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



भोरच्या भूमीत बोलण्यासाठी उभे राहिले की मन आपोआप रायरेश्वराकडे धाव घेते. स्वराज्याची शपथ त्या मंदिरात घेतली गेली, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु आज मला दुसऱ्या एका परंपरेचे स्मरण करून द्यायचे आहे. तोरणा स्वराज्यात आल्यानंतर गडाच्या दुरुस्तीचे काम सुरू असताना तेथे धन सापडले, असे बखरी सांगतात. त्या धनाचे महाराजांनी काय केले? त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यास घेतला. भूमीने दिलेले धन पुन्हा भूमीतच उभे राहिले आणि रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी म्हणून त्याने कितीतरी वर्षे या राष्ट्राचे रक्षण केले.

ही कथा मी आज सांगतो, त्याला कारण आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांना पुन्हा एकदा भूमीतून धन सापडले. ते हंड्यात सापडले नाही, सातबाऱ्यावर सापडले. आणि त्या धनाचा गड बांधला गेला की नाही, हा प्रश्न आज आपण स्वतःलाच विचारायचा आहे.

थोडा मागचा इतिहास पाहू. आपल्या या डोंगराळ मुलखात पाऊस उदंड पडतो, परंतु पाणी आपले राहत नाही. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याची तहान भागवते. धरणांसाठी गावे उठली, चांगली भातखाचरे पाण्याखाली गेली. उरलेल्या वरकस जमिनीवर कुटुंब पोसणे अशक्य झाले, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला गेला. कोणी माथाडी झाला, कोणी गिरणीत लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि अनेक घरांची मनीऑर्डर बंद पडली. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या अवघी ५४ हजारांच्या आसपास होती. पुणे जिल्ह्यासारख्या संपन्न जिल्ह्यातील हा सर्वांत विरळ वस्तीचा तालुका. २०२४ मध्ये शासनाने त्याला ‘राजगड’ हे गौरवशाली नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव मोठे झाले, आता घरेही मोठी व्हावीत, ही आपली जबाबदारी आहे.

अशा मुलखात अटलजींच्या कार्यकाळात सुवर्ण चतुष्कोनाचा महामार्ग आला. कात्रजच्या बोगद्यापलीकडे नसरापूर, कापूरहोळ, किकवी ही गावे पुण्याच्या अंगणात आली. नीरा नदी ओलांडली की शिरवळचे कारखाने. पाठोपाठ शहरातील नोकरदार माणूस शनिवार-रविवारची मोकळी हवा शोधत येऊ लागला. जी वरकस जमीन कोणी फुकट घेत नव्हते, तिचा भाव गुंठ्यात बोलला जाऊ लागला. विसार, साठेखत, कुलमुखत्यारपत्र हे शब्द चावडीवर रुळले. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पहिल्यांदाच लाखांची रक्कम आली. यात त्याचा दोष काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्याने दारिद्र्यच पाहिले, त्याला समृद्धीची इच्छा होणे हा अपराध नव्हे.

परंतु बंधूंनो, बाजार चढतो तसा उतरतोही. आणि उतरतो तेव्हा सर्वांत आधी कोणाच्या दारात उतरतो, हे समजून घेतले पाहिजे.

शहरातील मनुष्य राहते घर गरजेपोटी घेतो. मंदी आली तरी तो पोटाला चिमटा काढून त्याचा हप्ता भरतो. डोंगरातील बंगला किंवा फार्महाऊसचा भूखंड मात्र तो हौसेने घेतो. नोकरीवर सावट आले की हौस प्रथम थांबते. म्हणून पुण्याच्या घरबाजाराला सर्दी झाली की भोर-वेल्ह्याला ताप भरतो. २००८ मध्ये हे प्रथम घडले. त्या जुलैअखेर रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ९ टक्क्यांवर गेलेला होता आणि १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. न्यूयॉर्कमधील एका पेढीचा आपल्या खेड्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की त्या पेढ्यांची कामे करणारा पुण्यातील संगणक अभियंता आपल्याकडील भूखंडाचा गिऱ्हाईक होता. त्याने विसार दिला होता, पुढचा हप्ता थांबवला. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ पासून महाराष्ट्रात स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, पूर्णपणे लागू झाला. ही दोन्ही पावले व्यवहार स्वच्छ करणारी होती. पण ज्या व्यवसायाचा पायाच कच्च्या चिठ्ठीवर होता, तो त्या स्वच्छतेत डळमळला आणि त्याची झळ चिठ्ठी लिहिणाऱ्यापेक्षा पाट्या वाहणाऱ्याला अधिक लागली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्यानंतर मार्च २०२० ची टाळेबंदी.

मंदी म्हणजे केवळ भाव पडणे नव्हे. जमिनीचा भाव आपल्याकडे उघडपणे पडतच नाही. मालक भाव धरून बसतो, गिऱ्हाईक फिरकत नाही, एजंट फोन उचलत नाही. कागदावर भाव तोच राहतो, व्यवहार मात्र शून्य. आणि व्यवहार थांबला की गवंडी थांबतो, सुतार थांबतो, सळई बांधणारा थांबतो, वीटभट्टी थंडावते, खडीची गाडी दारात उभी राहते, नाक्यावरची चहाची टपरी दुपारीच बंद होते.

माझ्या परिचयातील एका तरुणाची गोष्ट सांगतो. शाखेत वाढलेला, कष्टाळू, निर्व्यसनी मुलगा. वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशांत कर्जाची भर घालून त्याने जेसीबी घेतला. दोन वर्षे रात्रंदिवस काम होते. मग भूखंड सपाट करण्याची कामे थांबली. हप्ते थकले, यंत्र गेले. आज तोच तरुण, ज्या जमिनीचा तो मालक होता, त्याच जमिनीवरील बंगल्याची राखण करतो. मला भेटला तेव्हा म्हणाला, “काका, आंब्याला आजही मीच पाणी घालतो. फक्त आंबा आता माझा नाही.” मला त्या रात्री झोप लागली नाही.

मोठ्या भांडवलाचीही गत याहून वेगळी झाली नाही. वरसगावच्या जलाशयाकाठी, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या डोंगरांत, ‘लवासा’ नावाचे नगर उभारण्याचे स्वप्न पाहिले गेले. परदेशी धाटणीचे रस्ते आणि रंगीत इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्यास सांगितले. वर्षभराने सशर्त परवानगी मिळाली. परंतु विश्वास आणि मागणी दोन्ही ओसरल्या होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये १८१४ कोटींचा तोडगा मंजूर झाला, पण त्याची अंमलबजावणीही रखडली. घरासाठी पैसे भरलेली मध्यमवर्गीय कुटुंबे ताटकळली, आणि मोसे खोऱ्यातील ग्रामस्थांना मिळेल म्हटलेला रोजगारही अर्ध्यावर राहिला. कर्जावर उभे राहिलेले आणि स्थानिक जीवनाशी नाळ नसलेले नगर मंदीचा पहिला वारा सोसू शकत नाही, हा त्याचा धडा आहे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. मनुष्य, समाज आणि सृष्टी यांना तोडून केलेला विकास टिकत नाही, हे त्यातील सूत्र या डोंगरात आपण डोळ्यांनी पाहिले.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एका कुटुंबाने एकरभर, म्हणजे ४० गुंठे जमीन ४० लाखांना विकली. चार भावांत वाटणी झाली, प्रत्येकास १० लाख. त्यांपैकी कोणी ती रक्कम ७ टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला ६ हजारही येत नाहीत. कोणी गाडी घेतली, कोणी लग्न थाटात केले, तर दोन वर्षांत तेही संपते. जमीन मात्र कायमची गेली. आणि या हिशेबात बहीण कोठे आहे? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील कन्येला वडिलोपार्जित संपत्तीत पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. आपण मात्र तिला भाऊबीजेला ओवाळणी घालतो आणि विक्रीच्या दिवशी हक्कसोडपत्रावर सहीला बोलावतो. स्त्रीला देवी म्हणणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. माझा अनुभव असा, की जेथे बहिणीला खरोखर विचारले गेले, तेथे जमीन घाईने विकली गेली नाही.

टाळेबंदीच्या काळात आपल्याला याचे उत्तर मिळाले होते. मुंबई-पुण्याहून माणसे परतली, तेव्हा ज्यांचे घर आणि खाचर शिल्लक होते, ते चुलीजवळ तरी बसू शकले. ज्यांनी सर्व विकले होते, ते गावातच पाहुणे ठरले. पुढे १ सप्टेंबर २०२० पासून शासनाने मुद्रांक शुल्कात डिसेंबरअखेर ३ टक्के आणि त्यानंतर मार्चअखेर २ टक्के सवलत दिली. मोकळ्या हवेतील घरांना पुन्हा मागणी आली, भूखंडांच्या जाहिरातींचे फलक पुन्हा उभे राहिले. आता पुण्याचा वर्तुळाकार रस्ता भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकपर्यंत आखला गेला आहे. म्हणजे धन पुन्हा सापडणार आहे. म्हणूनच आज विचार करण्याची वेळ आहे.

मी जमीन विकूच नका असे सांगणार नाही. मुलीचे शिक्षण, वडिलांचे आजारपण, जुने कर्ज यांपुढे उपदेश चालत नाही. परंतु चार गोष्टी सुचवतो.

पहिली, विकण्यापूर्वी भाडेपट्ट्याचा विचार करा. मालकी राहते, उत्पन्न येते आणि मंदीत भूमी परत हाती येते. विकायचीच वेळ आली, तर राहते घर, विहीर आणि भाताचे खाचर यांना हात लावू नका.

दुसरी, व्यवहार स्वच्छ ठेवा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला वळसा घालून एक-दोन गुंठ्यांचे असंख्य व्यवहार झाले, सातबाऱ्यावर नावांची रांग लागली. जुने व्यवहार नियमित करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला, ही दिलासा देणारी गोष्ट. पण तिला पुढील पळवाट समजू नये. आणि येथे मी आपल्याच माणसांना सांगतो. दलाली हा प्रामाणिक व्यवसाय असू शकतो. मात्र सकाळी प्रार्थना म्हणायची आणि दुपारी एकच भूखंड दोघांना दाखवायचा, हे चालणार नाही. रेराने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आहे. आपल्याला मनाचीही नोंदणी करावी लागेल.

तिसरी, सापडलेल्या धनाचा गड बांधा. आपला इंद्रायणी तांदूळ पुण्यातील घराघरांत आवडीने खाल्ला जातो, मग गिरणी, पिशवी आणि विक्री आपल्या हाती का नसावी? राजगड-तोरण्याला येणारा दुर्गप्रेमी आपल्या घरी का उतरू नये? त्याच्या ताटात आपली भाकरी आणि पिठले का नसावे? बंगल्याची राखण करण्यापेक्षा आपल्या ओसरीवरील अतिथीचे स्वागत करण्यात मान आहे आणि पैसाही घरात राहतो. ज्ञान प्रबोधिनीने वेल्हे, भोर, हवेलीच्या खेड्यांत महिलांचे बचत गट उभे केले. थोड्याथोड्या रकमेतून अडल्या-नडल्याची गरज भागवणारी ही शिस्त मंदीतील खरी तटबंदी आहे.

चौथी गोष्ट पुण्याहून आलेल्या कुटुंबांसाठी. आपण येथे घर घेता, त्यात वावगे काही नाही. परंतु वर्षातून चार दिवस उघडणारे घर गावाचे होत नाही. बांधकाम स्थानिक गवंड्याकडून करा, तांदूळ शेजाऱ्याकडून घ्या, पाण्याचा उपसा गावाला विचारून करा, ग्रामदैवताच्या उत्सवाला या. कुंपण घालताना गुरांची आणि पाणंदीची जुनी वाट अडवू नका. आपण ग्राहक म्हणून आलात, कुटुंबीय म्हणून राहा.

बंधूंनो, तेजीत गाव विकले जाते आणि मंदीत गाव रिकामे होते, हे चक्र थांबवण्याचे सामर्थ्य कोणत्याही एका शासनात नाही. ते कुटुंबाच्या बैठकीत आहे. या दिवाळीला सर्व भाऊ-बहिणी एकत्र याल, तेव्हा सातबारा मध्ये ठेवून एकदा बसा. काय उरले आहे, कोणाकोणाचे आहे आणि नातवंडांसाठी काय राखायचे आहे, हे कागदावर लिहा.

तोरण्यावर सापडलेले धन उधळले गेले असते, तर त्याचे नाव कोणाला आठवले नसते. ते राजगडाच्या चिरेबंदीत गेले, म्हणून आज साडेतीनशे वर्षांनंतरही आपण त्याच्यापुढे नतमस्तक होतो. आपल्या हाती आलेल्या आणि येणाऱ्या धनाचे काय झाले, हे आपली नातवंडे विचारणार आहेत. त्यांना दाखवण्यासाठी एखादा तरी चिरा आपल्या नावाचा असावा, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!