नेपल्सची चर्चवही आणि लष्करचे दप्तर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आजचा विषय आहे पूर्वजांचा शोध. नई सडकेवरील या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज येथले नव्हेत. कोणी साताऱ्याकडून, कोणी कोकणातून, कोणी पुण्याहून शिंद्यांच्या फौजेबरोबर किंवा तिच्या मागोमाग आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ येथे स्थिरावला, आणि त्या तळाचेच 'लष्कर' हे शहर झाले. तेव्हा आपण सारेच येथे परक्या ठिकाणाहून आलेले. तरीही आज मी उदाहरण घेणार आहे ते मराठी घराण्याचे नव्हे, याच फौजेबरोबर आलेल्या एका इटालियन घराण्याचे. दुसऱ्याच्या घराकडे पाहताना आपल्या घरातील उणीव अधिक स्पष्ट दिसते, हे त्याचे कारण.

१७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉइन् या सव्हॉयच्या सेनानीला चाकरीस ठेवले आणि युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या. या पलटणींना 'कंपू' म्हणत. लष्करचा एक भाग आजही ते नाव वागवतो. त्या पलटणींत मायकेल फिलोज नावाचा नेपल्सचा एक मनुष्य अधिकारपदाला चढला. त्याचे पुत्र फिदेल आणि जाँ बाप्तिस्त हेही शिंद्यांचे सेनानी झाले. १८११ मध्ये चंदेरी शिंद्यांच्या राज्यास जोडली गेली, ती जाँ बाप्तिस्तच्या मोहिमेने. आणि येथून फार दूर नसलेला जयविलास प्रासाद १८७४ मध्ये उभा राहिला, तो याच घराण्यातील सर मायकेल फिलोज (१८३६–१९२५) यांच्या आराखड्यानुसार. तलवार घेऊन आलेल्या घराण्याने पुढे या नगरीला तिची सर्वांत देखणी वास्तू दिली.

आता या घराण्याच्या वंशजाला आपले मूळ शोधावयाचे असेल, तर त्याने काय करावे? पहिला नियम असा की, शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा. स्वतःपासून आरंभ करून एकेक पिढी पुराव्याने मागे जावे. प्रसिद्ध पुरुष आधी धरून त्याच्याशी आपली शाखा जोडू नये. दुसरा नियम, देशाचे नाव पुरत नाही, गावाचे नाव लागते. मायकेल फिलोज घराबाहेर पडला तेव्हा इटली हे एक राज्य नव्हतेच. ते १८६१ मध्ये झाले. तो नेपल्सच्या राज्यातला. तेथे जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १८०९ पासून सुरू झाली, म्हणजे तो गेल्यानंतर. त्यापूर्वीचा आधार एकच, चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये अशा वह्या ठेवण्याचा दंडक घातला, म्हणून त्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या. त्यांतील नोंदी बहुधा लॅटिन भाषेत. एकच नाव लॅटिनमध्ये योआन्नेस बाप्तिस्ता, इटालियनमध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता आणि फ्रेंचमध्ये जाँ बाप्तिस्त होते. ही तिन्ही रूपे एकाच नावाची आहेत हे ज्याला ठाऊक नाही, तो वहीतील पूर्वजाला ओलांडून पुढे जाईल.

पण श्रोतेहो, माझा खरा मुद्दा येथून पुढे आहे. नेपल्सची वही मिळाली, तरी ती फार तर एका मुलाचा जन्म सांगेल. तो मुलगा पुढे कोण झाला, त्याला वेतन काय मिळे, कोणत्या मोहिमेवर तो गेला, त्याला गाव इनाम मिळाले की नाही, हे तेथे कोणी लिहिलेले नाही. ते लिहिले मराठी कारकुनांनी, मोडी लिपीत. म्हणजे या इटालियन घराण्याच्या इतिहासाची अर्धी किल्ली नेपल्समध्ये आहे आणि उरलेली अर्धी आपल्या हातात आहे.

आणि ती किल्ली आपण गंजू दिली आहे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली शब्दांत अंतर न सोडता लेखणी चालवतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तो बहुधा पाळत नाही. परकीय नाव तर कानाला आले तसे उतरवतो. कालगणना पाहा. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे साल आले, तर एक, साठ, शंभर आणि हजार यांची बेरीज करून ११६१ हा शुहूर सन धरावा. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतचा संग्राम, १४ जानेवारी १७६१, याच सनातला. शिवाय आपण अमान्त महिने मानतो, तर येथील हिंदी परंपरा पूर्णिमान्त. आपला भाद्रपद वद्य पक्ष तोच येथला आश्विन कृष्ण पक्ष. आजोबांची तिथी घरच्या टिपणात एका महिन्यात आणि बाहेरच्या कागदात दुसऱ्या महिन्यात दिसली, तर त्यात विसंगती मुळीच नाही.

शोधाला निघणाऱ्याने आणखी एक तयारी ठेवावी. सापडणारा पूर्वज आपल्याला हवा तसाच असेल, असे नाही. ३१ डिसेंबर १७९७ रोजी पुण्यात नाना फडणिसांना कैद करण्यात आले. सुखरूप परत पोहोचवण्याचे वचन त्यांना ज्याने दिले होते, त्याच मायकेल फिलोजच्या हातून ही अटक झाली. ग्रँट डफच्या इतिहासात ही हकीकत आहे. फिलोज वंशजाने हे पान फाडावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे, फाडू नये. त्या पानाखेरीज जयविलासाचे पानही अपुरे राहते. हाच न्याय आपल्याला लागू आहे. आपल्या घराघरांत पानिपतावर लढलेल्या पूर्वजाची कथा असते. पण त्या पूर्वजाने कोणाची जमीन बळकावली किंवा कोणत्या भावाला वाटणीतून वगळले, ही कथा सांगितली जात नाही. दप्तर मात्र दोन्ही सांगते.

दप्तरही एका बाबतीत मुके आहे. इटलीच्या नोंदींत विवाहित स्त्री तिच्या माहेरच्या आडनावानेच आढळते, त्यामुळे तिच्या कुळाचा धागा तुटत नाही. आपल्या वंशावळींत स्त्री बहुधा सासरच्या नावाने येते, आणि पुष्कळदा येतच नाही. आपल्या आजीचे, पणजीचे माहेरचे नाव व गाव आजच लिहून ठेवा. ते सांगणारी व्यक्ती घरात आहे तोवरच ते मिळेल.

पुरुषांच्या आडनावांचीही तीच गत. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही अधिकाराची नावे चिकटली आणि ज्या गावावरून 'कर' लागत होता, ते गाव विस्मरणात गेले. ते शोधण्यास त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. सरदेसायांनी संपादिलेली महादजींची कागदपत्रे १९३७ मध्ये याच ग्वाल्हेरात छापली गेली आहेत. परंतु सर्वांत जवळचे दप्तर आपल्या माळ्यावरील ट्रंकेत आहे, आणि सर्वांत अधिक धोका त्यालाच आहे. घर विकताना किंवा वाटण्या होताना 'कोणाला वाचता येते हे?' असे म्हणून ती बासने रद्दीत जातात.

म्हणून माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. बासन सोडलेत तर कागदांचा क्रम मोडू नका. कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता, हाही पुरावाच असतो. त्यांना प्लॅस्टिकचे वेष्टन चिकटवू नका, छायाचित्रे घ्या आणि मूळ कागद सुती कापडात कोरड्या जागी ठेवा. आणि संस्थेला माझी सूचना आहे की, या शाळेत मोडीचा एक वर्ग सुरू करावा. आठवड्याला दोन तास पुरेत. दहा मुले शिकली, तरी दहा घरांची बासने उघडतील. आणि उद्या एखादा फिलोज नेपल्सची वही हाती घेऊन या शहरात आला, तर उरलेला अर्धा इतिहास त्याला वाचून दाखवणारे कोणीतरी नई सडकेवर असेल.