आरोग्याची आखणी आणि रोग्याची खुर्ची

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या पूर्वसूरींचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा द्याव्या, असा प्रघात आहे. ती सर्व कर्तव्ये आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली आहेत. म्हणून आम्ही आपणांपुढे एक व्यावहारिक प्रश्न ठेवणार आहोत. सार्वजनिक आरोग्याची आखणी करणाऱ्या मंडळांवर कोणी बसावे? डॉक्टर, अधिकारी आणि देणगीदार यांच्या शेजारी औषध घेणाऱ्या रुग्णाला व राबणाऱ्या कामगाराला जागा असावी की नसावी? असावी, असे आमचे मत आहे. आणि ती एका खुर्चीपुरती नसावी, असाही आमचा आग्रह आहे.

प्रथम आपल्या इंदूरचीच एक हकीकत. १९१७ च्या सुमारास शहर प्लेगने पोळलेले असताना होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला येथे पाचारण केले. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न नेता ज्या गल्ल्यांनी आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील तेथून ती काढावी, अशी युक्ती त्याने योजली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि तिच्यामागून नवे पांढरे कपडे घातलेले, गळ्यांत हार असलेले शहरातील सफाई कामगार मानाने चालत होते. १९१८ साली गेडिसने दरबाराला सादर केलेला अहवाल आजही नगररचनेचे अभ्यासक वाचतात. ज्यांच्या हातांनी शहर निरोगी राहते त्यांना पुढे आणल्याशिवाय आरोग्याची योजना तडीस जात नाही, हे त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले. परंतु तो मान एका दिवसाचा होता. हार मिळाला, मत मिळाले नाही. ते मत कसे द्यावे, हाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या देशात या विचाराची परंपरा जुनी आहे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणून ज्या अहवालाकडे बोट दाखविले जाते तो हाच. गावोगाव लोकांच्या आरोग्यसमित्या असाव्यात, अशी शिफारस तीत आहे. या समितीवर डॉक्टरांच्या बरोबरीने नारायण मल्हार जोशी बसले होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कोकणात जन्मलेला, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारा आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा हा मराठी माणूस वैद्य नव्हता. पण गिरणीकामगार कोणत्या खोलीत राहतो, कोणते पाणी पितो आणि आजारी पडला की त्याची चूल कशी विझते, हे त्यांना ठाऊक होते.

पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. तिच्या महामंडळावर मालकांचे पाच आणि कामगारांचे पाच प्रतिनिधी ठेवले होते. १९८९ च्या दुरुस्तीने ते दहा-दहा झाले. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे, तरी दहा-दहाची ती वाटणी तशीच ठेवलेली आहे. कामगार आपल्या वेतनातून वर्गणी भरतो, म्हणून पैशाच्या विनियोगात त्याचा शब्द असला पाहिजे, हे तत्त्व येथे सरळ कायद्यानेच मान्य केले. उणीव आहे ती अशी की, या योजनेचा लाभ मुख्यतः संघटित नोकरदारालाच मिळाला. घरोघर भांडी घासणारी बाई, हातगाडीवाला आणि बांधकामावरचा मजूर यांना संघटना नाही, म्हणून त्यांचा प्रतिनिधीही नाही.

आता पुन्हा इंदूरकडे वळू. १९९४ साली सुरतेतील प्लेगच्या बातमीने देश हादरला, तेव्हा आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. रुग्णालय रिकामे करून त्याची सफाई झाली, आणि त्याच उद्योगातून 'रोगी कल्याण समिती' ही कल्पना जन्मास आली. रुग्णालयाचा कारभार स्थानिक समितीने पाहावा, काही शुल्क जमवावे व ते तेथेच खर्चावे, अशी ही योजना. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. इंदूरकरांना याचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु नावात रोगी प्रथम असला तरी समितीच्या रचनेत अधिकारी, डॉक्टर व लोकप्रतिनिधी यांचे वजन मोठे राहिले. ठरावीक देणगी देणाऱ्यास सभासद होता येईल, अशीही तरतूद अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत होती. देणगीदार पूजनीय खराच. पण जो पैसे देऊ शकतो त्याला दार उघडे, आणि जो केसपेपरच्या रांगेत तासन् तास उभा राहतो त्याला दार लोटलेले, ही व्यवस्था कल्याणाच्या नावाला शोभत नाही.

याच अभियानात २००७ पासून नऊ राज्यांत, त्यांत महाराष्ट्र व मध्यप्रदेशही होते, लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख करण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात जनसुनावण्या झाल्या. गावातील बायाबापड्यांनी उभे राहून केंद्रात औषध नव्हते, परिचारिका आली नव्हती, असे अधिकाऱ्यांच्या समोर सांगितले. ज्याला झळ लागते त्याला योग्य जागा दिली की तो नेमके बोलतो, हे तेथे दिसून आले.

परदेशातील दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. अमेरिकेने १९७४ साली कायदा करून प्रत्येक विभागासाठी आरोग्यनियोजन संस्था स्थापिल्या आणि त्यांच्या मंडळांवर सेवा घेणाऱ्यांचे बहुमत ठेवले. मात्र ते साठ टक्क्यांहून अधिक नसावे, असेही घातले. आकड्यात बहुमत मिळाले, तरी बैठकांत बऱ्याच ठिकाणी वरचष्मा राहिला तो रुग्णालयांचा व डॉक्टरांचा. त्यांच्याजवळ पगारी मदतनीस होते, आकडेमोड होती आणि बैठकीला जाणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. साध्या सभासदाला रजा टाकून यावे लागे आणि जाडजूड कागदपत्रे त्याच्या पुढ्यात पडत. गरिबांना पुरेशा जागा नाहीत, म्हणून टेक्सासमध्ये प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. १९८६ साली तो कायदाच रद्द झाला.

ब्राझीलने निराळा मार्ग धरला. १९८६ च्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेतून तेथे लोकांची मागणी पुढे आली, १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा हक्क ठरला आणि १९९० च्या कायद्याने गाव, प्रांत व देश अशा तिन्ही पातळ्यांवर आरोग्यपरिषदा नेमल्या. त्यांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या. उरलेल्या निम्म्यांपैकी अर्ध्या आरोग्यकर्मचाऱ्यांच्या आणि अर्ध्या सरकार व सेवा पुरविणाऱ्यांच्या, अशी वाटणी २००३ च्या ठरावाने स्पष्ट केली. यातील खरी मेख पुढेच आहे. ज्या नगरपालिकेत अशी परिषद नसेल तिला मध्यवर्ती सरकारच्या निधीवर हक्क सांगता येत नाही. म्हणजे परिषद ही शोभेची वस्तू राहिली नाही. तेथेही सर्वत्र आलबेल आहे असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी नगराध्यक्ष आपल्याच मर्जीतील माणसे बसवितो. तरीही पैशाची किल्ली आणि लोकांची जागा एकत्र बांधण्याची ही युक्ती घेण्याजोगी आहे.

यावर आक्षेप असा येतो की, आरोग्य हा जाणकारांचा विषय आहे. तेथे अडाण्याने काय सांगावे? औषध कोणते द्यावे हे डॉक्टरनेच ठरवावे, यात वाद नाही. पण दवाखाना किती वाजता उघडावा, तो बसथांब्यापासून किती अंतरावर असावा, गरोदर बाईला बसायला बाक आहे की नाही, यांत जाणकार कोण? नळाच्या पाण्याला वास येतो हे प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघरात कळते. गटारात उतरणाऱ्या कामगाराला शहराच्या पोटात काय साठले आहे ते नकाशावाल्याच्या आधी कळते. परिचारिका, वॉर्डबॉय आणि आशाताई यांना औषध कुठे संपते व रुग्ण का परत येत नाही, हे रोज दिसते. हे ज्ञान मंडळाबाहेर ठेवून केलेली आखणी अर्धीच असते.

मग प्रतिनिधित्व खरे कसे करावे? आमच्या मते पाच गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, प्रतिनिधी वरून नेमू नये. वस्तीने, संघटनेने किंवा महिला आरोग्य समितीने तो निवडावा. दुसरी, एकटा प्रतिनिधी बुजतो, म्हणून निदान दोघे-तिघे असावेत आणि त्यांत बायका असाव्यात. तिसरी, बैठकीमुळे बुडालेली मजुरी व भाडे मंडळाने भरून द्यावे. चौथी, कागदपत्रे लोकांच्या भाषेत, आठ दिवस आधी आणि चार पानांत द्यावीत. पाचवी, प्रतिनिधीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढील बैठकीच्या इतिवृत्तात आलेच पाहिजे. एवढे केले नाही, तर सही घेण्यापुरता माणूस मिळेल, सल्ला मिळणार नाही.

बंधुभगिनींनो, हे सारे सरकारने करावे असे सांगून आपण मोकळे होऊ नये. आपल्या न्यासाचाही दवाखाना आहे. त्याच्या समितीवर आजवर विश्वस्त, डॉक्टर आणि वर्गणीदार आले, आणि त्यांनी निष्ठेने काम केले. पण औषध घ्यायला येणारे आज बहुतांशी आपल्या ज्ञातीबाहेरचे, आसपासच्या वस्त्यांतले आहेत. त्यांच्यापैकी दोघे, आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांपैकी एक, असे तीन सभासद येत्या समितीत पूर्ण मताधिकाराने घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. दान घेणाऱ्याला मत कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या पूर्वजांनी परक्या मुलखात एकमेकांच्या आधारासाठी ही संस्था काढली, तेव्हा देणारा आणि घेणारा अशी रेघ त्यांनी ओढली नव्हती. आज वर्गणी देणाऱ्याच्या घरात उद्या आजारपण येई, आणि घेणारा परवा वर्गणी देई. त्याच समजुतीने आपण हे दार थोडे रुंद करावे.

हा ठराव विश्वस्त मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा आणि सभासदांनी त्यावर मोकळेपणाने चर्चा करावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.