घर घेण्यापूर्वी : मोजणी आणि पाहणी

(संस्थेच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेत साधे कारकून आहोत. परंतु घरासाठी कर्ज मागावयास येणारा माणूस प्रथम आमच्याच टेबलाशी येतो, आणि त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, बँकेने कर्ज दिले म्हणजे जागा चोखच असणार ना?" आज या एका प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे.

बँक काय पाहते? तिचा वकील मागील साधारण तीस वर्षांचे दस्त चाळून मालकी कशी फिरत आली याचा शोध अहवाल देतो. तिचा मूल्यांकनकार जागेवर जाऊन किंमत सांगतो. जागेच्या चार हद्दी जमिनीवर नेमक्या कोठे आहेत, हे या दोघांपैकी कोणीही मोजत नाही. शिवाय घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज बँक देत नाही, मोठ्या रकमेला त्याहून कमी. म्हणजे जागेत खोट निघाली तर आधी बुडतो तो तुमचा पैसा. हप्ता मात्र चालूच राहतो. बँकेची तपासणी बँकेसाठी असते. तरी शोध अहवालाची फी तुम्हीच भरता, तेव्हा त्याची प्रत अवश्य मागून घ्यावी. मागणारा आम्हाला क्वचितच भेटतो.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. २००४ साली आमचे वडील निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी तालुक्याच्या गावाबाहेर दीड गुंठा जागा घेतली. विकणाऱ्याने आमच्यासमोर टेप धरला, तेहतीस फूट बाय साडेएकोणपन्नास फूट, चार कोपऱ्यांना चार दगड रोवले. अण्णांनी समाधानाने मान डोलावली. घरातला शिकलेला म्हणून आम्ही सोबत होतो, आणि आम्हीही डोलावली. टेप खरा होता. पण तो कोठून धरावयाचा, हे विकणाऱ्याने ठरविले होते!

घर उभे राहिले. २०११ साली मागच्या शेतकऱ्याने आपल्या गटाची सरकारी मोजणी आणली, तेव्हा आमची मागची साडेचार फूट पट्टी, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फूट, त्याच्या गटात निघाली. त्या पट्टीवर आमच्या आईचे स्वयंपाकघर होते. तो माणूस भला. त्याने पावसाळा जाऊ दिला. दिवाळीनंतर आम्ही आमच्याच हाताने ओटा फोडला. आई त्या दिवशी मावशीकडे जाऊन राहिली. विकणारा त्यापूर्वीच गाव सोडून गेला होता.

ही मोजणी आधी करता आली असती काय? अवश्य आली असती. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून ठरलेली फी भरावयाची. आता हा अर्ज ऑनलाइनही होतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवितो आणि पुढे मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. अडचण एवढीच की अर्ज खातेदाराच्या नावानेच करावा लागतो. घेणाऱ्याला तो करता येत नाही. म्हणून इसारपावतीतच लिहून घ्यावे की विकणारा मोजणी करून देईल आणि क्षेत्र कमी भरल्यास इसार परत करील. फी आपण भरू म्हणावे. जो यालाही नाही म्हणतो, त्याच्याकडची जागा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोंदणी कार्यालयात दस्त नोंदविला गेला म्हणून क्षेत्र बरोबर ठरत नाही. ते कार्यालय दस्त नोंदविते, जमीन मोजीत नाही.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब पाठ करावा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि सातबाऱ्यावरील आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. दोन्ही एकच समजून व्यवहार करणारे पुष्कळ आहेत.

सातबारा हातात घेतलाच आहे तर भूधारणा पद्धतीचा रकानाही वाचावा. तेथे 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर थांबावे. आपल्या लोकांना हे विशेष सांगावयाचे, कारण वतनाच्या जमिनी बहुधा याच वर्गात आहेत. वतनाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी साध्या स्टॅम्प पेपरवर गुंठा-दोन गुंठे लिहून देणे चालूच असते. विकणारा आपला, घेणाराही आपला, दर स्वस्त. आणि शर्तभंग झाला म्हणून जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार घेणाऱ्याच्या डोक्यावर.

आता फ्लॅटविषयी थोडे. १ मे २०१७ पासून महारेराखाली नोंदलेल्या प्रकल्पात चटई क्षेत्रच सांगावे लागते. त्यात बाहेरच्या भिंती व बाल्कनी येत नाही. ताबा घेताना आपला टेप आपण लावावा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुन्या इमारतीत पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत आहे. तो अहवाल सेक्रेटरीकडे मागावा. घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे आणि नव्याने रंगविलेल्या भिंतीवरून हात फिरवावा. कपाट हलवावयास सांगण्याचा संकोच करू नये.

ज्यांना सातबारा किंवा मिळकत पत्रिका वाचता येत नसेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर ती घेऊन विहारात यावे. आम्ही तेथे असतो. मात्र यावे ते इसार देण्यापूर्वी.