हिब्रू स्तोत्रांतील ईश्वरस्तुती

देवाची स्तुती करावयाची म्हणजे चरणांपासून मुकुटापर्यंत त्याचे रूप डोळ्यांपुढे उभे करावयाचे, ही आपल्या स्तोत्रवाङ्मयाची जुनी रीत; परंतु ज्यांना देवाची मूर्ती घडविण्याचीच धर्माज्ञेने सक्त मनाई होती, त्या प्राचीन हिब्रू लोकांच्या कवींनी स्तुती करावी तरी कशाची? बायबलाच्या जुन्या करारातील दीडशे स्तोत्रे, ज्यांपैकी त्र्याहत्तरांच्या मथळ्यावर दावीद राजाचे नाव आहे (ती सर्व त्याचीच असे आजचे पंडित मानीत नाहीत, आणि त्यावाचून काही अडतही नाही), चाळू लागले की ध्यानात येते, की या कवींनी रूप सोडून कर्तृत्व गाइले.

त्यांची रचनाही साधी. यमकाचा हव्यास नाही. पहिल्या चरणाने जे म्हणावे तेच दुसऱ्याने निराळ्या शब्दांत म्हणावे, वाढवावे किंवा उलट बाजूने मांडावे, हाच तिचा मुख्य अलंकार असल्याचे रॉबर्ट लाउथ या इंग्रज पंडिताने १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन व्याख्यानांत दाखवून दिले. नाद हरपला तरी अर्थाची ही जोडी भाषांतरात टिकते, आणि म्हणूनच पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेल्या, त्यांच्या पश्चात १९२४ साली निघालेल्या मराठी बायबलातही ती ओळखू येते.

माझ्या मते या संग्रहाचे शिखर म्हणजे १०४ वे स्तोत्र. दऱ्यांतील झऱ्यांवर तहान भागविणारी रानगाढवे, उंच कड्यांवरचे बोकड, समुद्रातली गलबते आणि तेथेच क्रीडेसाठी निर्माण केलेला तो अजस्र जलचर, असा सृष्टीचा सारा पसारा कवी प्रेमाने मांडतो. मिसरच्या आखेनातेन राजाच्या काळी, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात, रचलेल्या सूर्यस्तोत्राशी त्याचे साम्य विद्वानांनी पुष्कळ वर्णिले आहे; मला मात्र त्यांतील भेदच अधिक मोलाचा वाटतो. मिसरी कवीच्या लेखी सूर्य हाच देव असल्यामुळे त्याच्या मावळण्याबरोबर जगावर मरणकळा पसरते आणि सिंह बाहेर पडतात ते भय घेऊन. हिब्रू कवीच्या लेखी सूर्य हा आपली मावळण्याची वेळ नेमकी जाणणारा केवळ एक ताबेदार, रात्रही त्याच धन्याची, आणि त्या रात्री गर्जणारे सिंह देवाजवळ आपला शिधा मागत असतात! उजाडले की ते गुहेत परततात आणि माणूस आपल्या कामास निघतो.

पण ही स्तुती नेहमीच अशी प्रसन्न असते असे समजू नये, कारण या संग्रहात विलापांची संख्या फार मोठी आहे, आणि तेथे भक्त देवाच्या दरबारात आपली कैफियत घेऊन एखाद्या फिर्यादीच्या धिटाईने उभा राहतो. त्याचा एक युक्तिवाद तर मोठा विलक्षण आहे. मृतांच्या लोकातून स्तुतीचा स्वर उठत नाही. तेव्हा मला मरू दिलेस तर तुझे गुण गाणारा एक कंठ कमी होईल, यात तुझा लाभ तो कोणता, असे तो देवालाच विचारतो. यात उद्धटपणा पाहणारे पाहोत. ज्याची स्तुती करावयाची त्याच्याशी भांडण्याचाही हक्क असतो, हे त्या कवींनी गृहीतच धरले होते. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही संग्राहकांनी ते गाळले नाही. त्याच्या पुढच्याच स्तोत्रात, दावीदाच्या वंशाला दिलेले वचन देवाने मोडले, त्याचा मुकुट धुळीस मिळविला, अशी जाहीर तक्रार आहे. तिला उत्तर मिळत नाही, आणि तिच्याच खाली धन्यवादाची एक ओळ व दोन वेळा ‘आमेन’ लिहून संग्रहाच्या पाच भागांपैकी तिसरा भाग पुरा केलेला आहे.